शिकागो बघायला दोघंच निघणार असाल तर

माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अष्टविनायक झाले ते सासूबाईंना घेऊन, तिरुपती झालं दिरांच्या कुटुंबाबरोबर, महाबळेश्वर मुलांच्या सुट्टीत, आणि गोवा माझ्या पोस्टातल्या सात जणींबरोबर, म्हणजे त्यात हे नव्हतेच. नुसतं दोघांनी पिशव्या उचलून कुठेतरी फिरायला जाणं पहिल्यांदा घडलं ते थेट शिकागोत.

लेक मिल्वॉकीला असते. आम्ही तिच्याकडे पाच महिने होतो. शिकागो दाखवायचा बेत तिने तीनदा केला आणि तीनदा मोडला. एकदा जावयांचं ऑफिस, एकदा नातवाचा ताप, एकदा पाऊस. चौथ्या वेळी मी म्हटलं, आम्ही दोघं जाऊन येतो. त्यावर ती म्हणाली, "आई, तुम्हाला जमेल?" झालं, तिथेच माझं जायचं पक्कं झालं. परत आल्यापासून सांगलीत निदान पाच जणींनी विचारलंय, तुम्ही हे केलंत कसं. प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. लेकाकडे-लेकीकडे जाणाऱ्या आणि "मुलं नेतील तेव्हा बघू" म्हणून सोफ्यावर बसून राहणाऱ्या जोडप्यांसाठी हे आहे.

सप्टेंबर निवडा. उकाडा उतरलेला असतो, थंडी लागलेली नसते, एक जाडसर जाकीट पुरतं. तीन रात्री आणि चार दिवस धरा. आमचे गुरुवार ते रविवार होते. आठवड्याचे वार आधी बघून घ्या, कारण तिथलं मोठं कलासंग्रहालय, आर्ट इन्स्टिट्यूट, मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं. मिल्वॉकीहून अ‍ॅमट्रॅकची हायवाथा नावाची गाडी दीड तासात शिकागोच्या युनियन स्टेशनात आणून सोडते. विमानाने ओहेअरला उतरणार असाल तर तिथूनच ब्लू लाइनची लोकल शहरात जाते, रात्रीसुद्धा चालू असते. दिवसा उतरलात तर टॅक्सीची गरज नाही. युनियन स्टेशनात उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. तिथल्या जुन्या दालनात लांबच लांब लाकडी बाकं आहेत, वर काचेचं छत आहे. तिथे बसून डब्यातले पराठे खाल्ले आणि मग शहरात पाय टाकला. उपाशीपोटी हॉटेल शोधायला निघालं की पहिलं भांडण पहिल्या तासातच होतं.

हॉटेल, आणि किटलीची गोष्ट

राहायला 'लूप'मध्येच राहा. शहराच्या मध्यात लोखंडी खांबांवरून लोकलचा एक चौकोनी फेरा आहे, १८९७ पासूनचा. त्या फेऱ्याच्या आतला आणि आसपासचा भाग म्हणजे लूप. बाहेर लांब स्वस्त हॉटेल मिळतं, पण वाचलेले पैसे गुडघ्यांच्या मलमात जातात.

खोलीचा जो भाडेदर दाखवतात तो खरा नव्हे. आम्ही गेलो तेव्हा त्यावर १७.४ टक्के कर होता. शिवाय आमच्या हॉटेलाने रोजची 'सुविधा फी' म्हणून वेगळी रक्कम लावली. सुविधा म्हणजे काय, तर व्यायामशाळा आणि फोन. आम्ही दोन्हींना हात लावला नाही. तेव्हा बुकिंग करताना शेवटच्या पानावरचा शेवटचा आकडा बघा आणि त्याचाच हिशेब धरा. खोली देताना कार्डावर अनामत म्हणूनही काही रक्कम अडकवून ठेवतात, ती परत यायला दिवस लागतात. फॉरेक्स कार्डात नेमके मोजून पैसे भरले असतील तर तिसऱ्या दिवशी दुकानात मान खाली घालायची वेळ येते.

आता किटली. सांगलीहून निघताना मी बॅगेत विजेची छोटी किटली टाकली होती. लेकीकडे ती लागली नाही, म्हणून हौसेने शिकागोला नेली. पिन बसवायचा अडॅप्टर होता, दिवा लागला, आम्ही चहाची तयारी करून बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाणी कोमटच. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. पलंगावर बसून त्यांनी मला हिशेब समजावला. इथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. व्होल्टेज निम्म्यावर आलं की किटलीची ताकद निम्मी नाही, पावपटीच्या आसपास उरते. "हे तुम्हाला सांगलीतच माहीत होतं ना?" मी विचारलं. "तू किटली भरलीस ते मला कुठे माहीत होतं?" म्हणाले. तर किटली नेऊ नका. खोलीत कॉफीचं यंत्र असतं, त्यात कॉफी न घालता नुसतं पाणी चालवलं की चहापुरतं गरम पाणी मिळतं. यंत्राला कॉफीचा वास असतो, पहिलं पाणी ओतून द्यायचं. चहा-साखरेच्या पुड्या मात्र घरून न्या. आणखी एक, रिकामी प्लास्टिकची बाटली न्या. कशासाठी ते आपल्या माणसांना सांगायला नको.

पत्ता वाचायला शिका

मी चौतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीच पत्रं लावण्यात. 'गणपती मंदिरामागे, पिंपळाजवळ, पाटलांच्या वाड्यात' असल्या पत्त्यांवर माझी नजर तयार झालेली. शिकागोचे पत्ते कसे चालतात हे कळलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. यांना हसू आलं, पण तुम्ही हे एवढं लक्षात ठेवाच.

स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजे शून्य. तिथून उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला घरांचे आकडे वाढत जातात. आठशे आकडे म्हणजे एक मैल. म्हणजे पत्त्यात '१६०० नॉर्थ' दिसलं की मॅडिसन रस्त्यापासून दोन मैल उत्तर, विचारायचं कारण नाही. (दक्षिणेला सुरुवातीच्या काही मैलांत हा हिशेब जरा बिघडतो, पण पाहुण्यांचा बराचसा मुक्काम उत्तरेच्याच बाजूला असतो.) सम आकडे रस्त्याच्या उत्तर आणि पश्चिम अंगाला, विषम समोर. किराणा दुकानदाराच्या घरच्या एडवर्ड ब्रेनन नावाच्या माणसाने पूर्वीच्या पत्त्यांच्या घोळाचा पाठपुरावा केला आणि १९०९ पासून हे आकडे लागू झाले. लूपमध्ये ते दोन वर्षांनी आले. दुकानाचा माल घरोघर पोचवताना पत्त्यांनी त्याला छळलं होतं. पत्ता सापडत नसला की जीव कसा होतो हे आमच्या खात्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी सकाळी झाला. वॉबॅश रस्त्यावरून आम्हाला उत्तरेला जायचं होतं. फोन यांच्या हातात. उंच इमारतींच्या मध्ये फोनचा बाण वेड्यासारखा फिरतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. हे बाणामागून चालले. मी दारांवरचे आकडे बघत होते: २०० साउथ, मग ३००, मग ४००.

"अहो, आकडे वाढतायत. आपण दक्षिणेला चाललोय."

"फोन सांगतोय ते चुकीचं आणि तू सांगतेस ते बरोबर?"

"दारावर लिहिलंय. मी नाही सांगत."

डोक्यावरून लोकल धडधडत गेली, तेवढा वेळ दोघंही गप्प. मग हे काही न बोलता वळले आणि उलट चालू लागले. चूक कबूल केली का? नाही. त्यावरून आम्ही एक नियम केला, तो तुम्हीही करा. अर्धा दिवस एकाच्या हातात नकाशा, अर्धा दिवस दुसऱ्याच्या. ज्याच्या हातात नाही त्याने बोलायचं नाही, पिशवी धरायची. चुकलो तर चुकलो. मुलं बरोबर असली की ती पुढे चालतात आणि आपण फक्त "हळू रे" म्हणत मागून जातो. चुकायची संधीसुद्धा आपल्याला मिळत नाही.

काय बघायचं, काय सोडायचं

दिवसाला दोन ठिकाणं. तिसरं जमलं तर जमलं, पण ते आधी ठरवायचं नाही. सगळ्या ठिकाणांची तिकिटं एकत्र करून विकणारे पास असतात. तरुण मंडळी ते तीन दिवसांत वसूल करतात. आम्हाला पाचपैकी दोनच जागा बघायच्या होत्या, म्हणून घेतला नाही.

पहिल्या दिवशी दुपारी नदीतली बोट घ्या. वास्तुकलेची सफर म्हणतात तिला, दीड तासाची असते, माणशी पन्नास डॉलरच्या पुढे जाते. महाग आहे, पण एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर इथे घाला. बसल्या बसल्या अर्धं शहर डोळ्यांखालून जातं, आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक इमारत ओळखीची वाटते. वरच्या मजल्यावर बसा, टोपी बांधून ठेवा, वारा खरंच खट्याळ आहे. मक्याच्या कणसांसारखे दोन गोल मनोरे दिसतील, ती मरिना सिटी. खालचे एकोणीस मजले नुसत्या मोटारी, त्याही अगदी कडेला लावलेल्या. यांना सगळ्यात आवडली ती नदीच. ही नदी पूर्वी तळ्यात जायची, शहराची सगळी घाण घेऊन, आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून यायचं. म्हणून १९०० साली २८ मैलांचा कालवा खणून नदीची दिशाच उलटी केली. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत कृष्णा कमरेएवढी आली होती. हे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपली ऐकत नाही."

बोट दक्षिणेच्या फाट्यावर वळते तिथे जुनं पोस्ट ऑफिस दिसतं. इतरांना ती एक मोठी इमारत. मी उभीच राहिले. १९२१ मध्ये बांधलेलं, १९३२ मध्ये वाढवलेलं, आणि एवढं मोठं का, तर टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या पेढ्या याच शहरातल्या. कॅटलॉग आणि पार्सलं इथून देशभर जायची. वाढवताना पुढे कधी रस्ता होईल म्हणून इमारतीच्या पोटात जागा सोडली होती, आणि खरोखरच नंतर महामार्ग तिच्यातून आरपार गेला. आता आत ऑफिसं आहेत. सांगलीच्या मुख्य पोस्टातल्या आमच्या लाकडी खणांची मला आठवण झाली. पार्सलांच्या गठ्ठ्यांची तर झालीच झाली.

लोकल हेही बघायचंच ठिकाण समजा. दोघांनी वेगवेगळं व्हेंट्रा कार्ड, म्हणजे लोकल-बसचं तिकीट-कार्ड, घ्या, पास एका कार्डावर एकाचाच चालतो. आम्ही गेलो तेव्हा तीन दिवसांचा पास १५ डॉलरला होता, त्यात बसही आली. दुपारी पाय बोलायला लागले की मर्चंडाइज मार्ट स्टेशनावरून लूपकडे जाणाऱ्या ब्राउन लाइनमध्ये बसा. गाडी नदीवरच्या पुलावरून येते आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ घासत सगळ्या लूपला फेरा घालते. लोक ऑफिसात बसून डबा खाताना दिसतात. तिकीट काढून गच्चीवर जाण्याइतकंच हे मला आवडलं. हे पुढच्या डब्यात उभे राहून रुळांकडे बघत होते. शेजारच्या तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्टची वीज जाते म्हणाले, आणि तेवढ्याने त्यांचा दिवस साजरा झाला. गुडघ्यांचा त्रास असेल तर एक लक्षात ठेवा: सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. नकाशात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेलीच धरा. मिलेनियम पार्कला जायला वॉशिंग्टन-वॉबॅशला उतरा, तिथे आहे. अ‍ॅडम्स-वॉबॅशला आम्ही लोखंडी जिन्याने उतरलो, मोजून मापून शिव्या देत.

मिलेनियम पार्कातला तो चकचकीत स्टीलचा 'बीन', घेवड्याच्या दाण्यासारखं ते शिल्प, सगळ्यांना माहीत आहे. करणारे अनिश कपूर मूळचे मुंबईचे. ११० टन वजन, १६८ पत्रे जोडलेत आणि एक सांधा दिसत नाही. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या जा. दहा वाजता गेलात तर बीनमध्ये शहर दिसत नाही, फक्त फोन धरलेले हात दिसतात. आम्ही गेलो तेव्हा एक झाडूवाला आणि आम्ही. खाली कमानीत शिरून वर बघितलं तर आमची दोघांची आठ-दहा लांबुडकी जोडपी, कुणाचं डोकं खाली कुणाचं वर. मला वाटलं, घासून पालथा घातलेला हंडाच आहे हा, फक्त गावजेवणाचा.

आर्ट इन्स्टिट्यूटला अडीच तासांच्या वर देऊ नका, माणूस चित्रांनी दमतो. दारात दोन काशाचे सिंह आहेत, १८९४ चे. ही इमारत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभी राहिली, आणि सर्वधर्मपरिषद इथेच भरली. शाळेत 'शिकागोचं भाषण' म्हणून पाठ केलेलं ते विवेकानंदांचं भाषण इथलं, ११ सप्टेंबरचं. समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला त्यांचं मानाचं नावही आहे, तपकिरी पाटी शोधा. त्या परिषदेत ब्राह्मसमाजाच्या वतीने मुंबईचे बी. बी. नागरकरही बोलले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. २०१० मध्ये मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी तेच भाषण इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. त्या जिन्यावर मी मुद्दाम एक पायरी बसले. रखवालदाराने हसून उठायला सांगितलं.

मोठ्या चित्रांपाशी गर्दी असते ती असू दे. तळमजल्याखाली थॉर्न यांच्या छोट्या खोल्या आहेत, अडुसष्ट. फुटाला इंच या मापाने केलेली जुनी युरोपी आणि अमेरिकी घरं, भिंतीत बसवलेल्या काचेच्या खिडक्यांतून बघायची. ही भातुकलीच, दुसरं काही नाही. बोटाच्या पेराएवढी खुर्ची, तिला कापडाची गादी, गादीला झालर. शेंगदाण्याएवढी पुस्तकं. आणि खोलीच्या खिडकीबाहेर बघितलं तर तिथेही उजेड, जणू बाहेर अंगण आहे आणि कुणीतरी आत्ताच तिकडे गेलंय. माझ्याकडे आजीची पितळी भातुकली आहे, बत्तीस नग, त्यातली पाटा-वरवंट्याची जोडी हरवलेली. मी प्रत्येक खोलीपाशी वाकून उभी. हे दहाव्या खोलीनंतर बाकावर बसले आणि अडुसष्टावीपर्यंत काही बोलले नाहीत. नकाशा माझ्या हातात होता.

उंचावरून शहर बघायचं तर दोन जागा आहेत. विलिस टॉवर, पूर्वीचा सिअर्स, ११० मजली; वर १०३ व्या मजल्यावर काचेची पेटी बाहेर काढलीय, तिच्यात उभं राहायचं. दुसरी जुनी हॅनकॉक इमारत, ८७५ नॉर्थ मिशिगन. (म्हणजे शून्यापासून मैलाच्या जरा वर, बघा जमतंय का.) तिथे ९४ वा मजला. दोन्हींच्या बांधणीमागे ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फझलुर रहमान खान. दोन्हीकडे जाऊ नका. मी हॅनकॉक सांगेन, कारण तळं अगदी पायाशी दिसतं. मिशिगन तळं म्हणायचं फक्त, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पण खारा वास नाही. माझ्या नाकाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तिकीट आदल्या आठवड्यात काढू नका. रस्त्यावरून वर बघायचं, इमारतीचं टोक ढगात असेल तर वरून कापूस दिसणार. आमचा शुक्रवार असा गेला, शनिवारी निरभ्र होतं तेव्हा सूर्यास्ताच्या तासभर आधी चढलो.

चालत परत येताना ट्रिब्यून टॉवरपाशी थांबा, ४३५ नॉर्थ. तिकीट नाही, रांग नाही. इमारतीच्या खालच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवलेत, खाली नावं कोरलेली. त्यात ताजमहालाचा एक तुकडा आहे. तो कसा आणला असेल याचा विचार केला की राग येतो, तरी हात लावल्याशिवाय राहवत नाही. आणि पाऊस आला किंवा नुसतं बसायचं असलं तर कल्चरल सेंटर, हे १८९७ चं जुनं वाचनालय. फुकट आहे, स्वच्छतागृह चांगलं आहे, आणि वर टिफनी काचेचा ३८ फुटी घुमट आहे. याच क्रमाने लिहिलंय, कारण आम्ही याच क्रमाने शोधलं.

खाणं

डीप डिश पिझ्झा म्हणजे पिझ्झा नव्हे, ती पातेल्यात भाजलेली भाकर-भाजी. चीज खाली, टोमॅटो वर. भाजायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून भूक लागायच्या आधी जाऊन सांगून ठेवा. पालकाचा मागा. 'स्मॉल' सांगितला तरी दोघांना पुरून उरतो. उरलेला बांधून घ्या, सकाळचा नाश्ता झाला. बरोबर जार्दिनिएरा मागा. फ्लॉवर, गाजर, सेलरी, हिरवी मिरची, सगळं तेलात मुरलेलं. नाव इटालियन असलं तरी आपल्या मिश्र लोणच्याचं ते चुलत भावंड. एक बाटली मी सांगलीपर्यंत आणली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत. पाणी मागताना "बर्फ नको" आधी सांगा. पेपरोनीत गाय-डुक्कर दोन्ही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या.

बिलावर कर वेगळा, आणि वाढप्याला टिप अठरा ते वीस टक्के. ती द्यायचीच, त्यात घासाघीस करू नका, त्यांचा पगारच त्यावर धरलेला असतो. पण काउंटरवर आपणच उभं राहून चहाचा पेला उचलायचा आणि पडद्यावर टिप विचारली, तर मी 'नाही' दाबत होते. यांना लाज वाटायची, ते एक डॉलर ठेवून यायचे. तुमचं तुम्ही ठरवा.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र वरण-भाताची आठवण अनावर होते. डेव्हॉन अव्हेन्यू, ६४०० नॉर्थ, म्हणजे आठ मैल. रेड लाइनने लोयोला, तिथून १५५ ची बस पश्चिमेला. वेस्टर्न अव्हेन्यू ओलांडला की साड्या, सोनं, हलवाई, पाकिस्तानी कबाब सगळं एका ओळीत. आज अमेरिकाभर असलेलं पटेल ब्रदर्स १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं. पहिल्या दिवशी जाऊ नका, मग बाकीचं शहर पोटात जात नाही.

रस्त्याखालचा रस्ता

हे एक कुणी सांगत नाही. नदीकाठचा वॅकर ड्राइव्ह दुमजली आहे. वर रस्ता, त्याच्या बरोब्बर खाली तोच रस्ता. डेव्हॉनहून परतल्यावर रात्री आम्ही फोनवरून टॅक्सी बोलावली. फोन म्हणतो गाडी आली. ड्रायव्हर म्हणतो मी उभा आहे. नकाशात त्याचा ठिपका आमच्या ठिपक्यावर. आम्ही पाच मिनिटं गोल फिरलो, हे हात हलवत होते. शेवटी शेजारून जाणाऱ्या मुलीने बोटाने खाली दाखवलं. गाडी आमच्या पायांखाली होती. तेव्हा टॅक्सी कधीही नदीकाठी बोलावू नका, दोन चौक आत या आणि एखाद्या दुकानाच्या दारात उभं राहून बोलवा. रात्री नऊनंतर रिकाम्या डब्यात बसण्यापेक्षा टॅक्सी बरी, एवढं मात्र पाळा. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, झेरॉक्स पर्समध्ये.

आणि एक पत्र टाका

शुक्रवारी दुपारी फेडरल प्लाझात जा. शनिवार-रविवारवर ठेवू नका. चौकात शिल्पकार काल्डर यांचा लालभडक पोलादी 'फ्लेमिंगो' आहे, ५३ फूट उंच, आणि त्याच्या बाजूला काळ्या पोलादाचं, काचेचं, एकमजली पोस्ट ऑफिस. इतक्या उंच इमारतींत एकमजली काय आहे म्हणून मी आत गेले. परदेशी पत्राचं तिकीट तिथे गोल असतं, कुठल्याही देशाला एकच चालतं. खिडकीतल्या बाईंना मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, चौतीस वर्षं, इंडिया पोस्ट. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हातात घेतला. मागे रांग होती, तरी.

स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर कार्ड टाकायचं. पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पिन कोड ठळक, आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव एकटं. एकमेकांचा मजकूर बघायचा नाही. हे खांबाआड जाऊन लिहीत होते.

आम्ही नोव्हेंबरात परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी सांभाळून ठेवलेल्या टपालात दोन्ही कार्डं होती, ४१६ ४१६ वर बिनचूक आलेली. माझ्या कार्डावर मी हवापाणी लिहिलं होतं. यांच्यावर एकच ओळ होती: "वॉबॅशवर तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. किटलीचं मात्र माझं."